सकीनाला वगळून

सकीनाला भाषणातून काढायचं, एवढंच काम होतं. हुसेनभाई मणेरांना वाटलं, दुपारच्या झोपेआधी उरकेल.

भाषण जुनं होतं आणि पुण्यातल्या बहुतेक रिकाम्या माणसांनी ते ऐकलेलं होतं. तरुणपणी टेलिफोन खात्यातून बिनपगारी रजा काढून हुसेनभाई मुंबईहून बोटीने बसऱ्याला गेले होते आणि तिथून सायकलने इस्तंबूलपर्यंत. परत आल्यावर खात्याने त्यांना आधी कारणे दाखवा नोटीस दिली आणि मग त्यांचा सत्कार केला. दोन्ही कागदांवर सही एकाच साहेबांची होती. पुढे नोकरी सांभाळून ते कुणाकुणासाठी सायकल मारत राहिले. कधी अंधशाळेसाठी, कधी भूकंपग्रस्तांसाठी, कधी ज्यांची नावंही त्यांना धड सांगता येत नसत अशा आजारांच्या रुग्णांसाठी. निवृत्तीनंतर त्यांचे पाय थांबले आणि तोंड सुरू झालं, असं सकीना म्हणायची. ‘मी, माझी सायकल आणि इतर अपघात’ हे त्यांचं विनोदी व्याख्यान ज्येष्ठ नागरिक संघांत झालं, वाचनालयांत झालं, गणेशोत्सवात झालं, आणि एकदा चुकून एका साखरपुड्यातही झालं. कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर जायचं ते खालच्या मजल्यावर शिरले. मुलीकडच्यांना वाटलं हे मुलाकडचे, मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडचे. जेवणाची पानं वाढेपर्यंत सगळ्यांनी सभ्यपणे ऐकून घेतलं.

या व्याख्यानात सकीना जागोजाग होती. लग्नाला वर्ष होत होतं तेव्हा नवरा सायकलवर परदेशी निघाला, तर तिने त्याला सायकलसाठी भलंमोठं कुलूप घेऊन दिलं. बसऱ्याच्या बाजारात त्याने ते पहिल्यांदा लावलं आणि मग कळलं की किल्ली पुण्यात आहे. तार केली. उत्तर आलं, “हरवाल म्हणून ठेवून घेतली.” इथे सभागृह हमखास कोसळायचं. मग वाळवंट आलं की सकीना यायची, डोंगर आला की यायची. तुर्की पोलिसांनी पकडलं तेव्हा पिशवीतून तिचा लसणीच्या चटणीचा डबा निघायचा आणि पोलीस शिंकत सुटायचे. प्रवास हुसेनभाईंनी केला होता, पण प्रत्येक हशाला सही सकीनाची होती.

खरं सांगायचं तर तिच्या तोंडच्या वाक्यांपैकी निम्मी तिने कधी उच्चारलीच नव्हती. तिला सुचायला हवी होती ती हुसेनभाईंना सुचत. व्याख्यान ऐकायला ती बरोबर असे आणि परतीच्या रिक्षात बसलं की सुरू होई. “मी असं म्हटलं होतं? मी म्हटलं होतं, सांभाळून जा. त्याचं तुम्ही हे केलंत? आणि अहो, चटणी शेंगदाण्याची होती.” रिक्षावाले आरशात बघत. बिबवेवाडी येईपर्यंत हुसेनभाईंची पूर्ण हार झालेली असे, आणि जिना चढताना ते नेमाने कबूल करत की पुढच्या वेळी चटणी शेंगदाण्याची. पुढच्या वेळी ती पुन्हा लसणीची होई. शेंगदाण्याने पोलीस शिंकत नाहीत.

एप्रिलात सकीना गेली. चाळिसावा दिवस झाला, पाहुणे पांगले, आणि एक दिवस ज्येष्ठ नागरिक संघाचे चिटणीस दीनानाथ लिमये भेटायला आले. पाणी प्याले, थोडा वेळ भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, “वाईट झालं, मणेरसाहेब.” मग पेला खाली ठेवून म्हणाले, “वर्धापनदिनाला भाषण तेच ना?”

हुसेनभाई हो म्हणाले. एरवी अशा वेळी ते स्वयंपाकघराकडे बघत आणि तिथून “विचारून सांगतो म्हणा” असा आवाज येई. तो आला नाही, म्हणून हो म्हणाले.

लिमये गेल्यावर त्यांना पेच कळला. सकीनावर लोकांना हसवायचं ते एका करारावर चाललं होतं. सभागृहात बोलायची पाळी त्यांची, रिक्षात तिची. आता हसणारे तेवढेच राहणार होते आणि उलट बोलणारी नव्हती. हे खेळाला धरून नव्हतं. जी बाई उत्तर देऊ शकत नाही तिच्या तोंडी वाक्यं घालायची नाहीत, असं त्यांनी ठरवलं. सकीना भाषणाबाहेर. बाकी बसरा आहे, इस्तंबूल आहे, माणसाला आणखी काय लागतं?

शनिवारी त्यांची मुलगी जरीना खराडीहून आली, तेव्हा तिला समोर बसवून त्यांनी नवं भाषण म्हणून दाखवलं. तिने चहाचा कप हातात घेतला होता. चहा निवायच्या आत भाषण संपलं.

“झालं?” तिने विचारलं.

“झालं.”

“अब्बा, हे भूगोलाच्या पुस्तकासारखं वाटतंय.”

हुसेनभाईंना हे लागलं, पण खोटं नव्हतं. बसऱ्यात उकाडा होता, मग बगदाद आलं, मग डोंगर आले, मग इस्तंबूल. वाटेत कुणाला काही झालंच नाही.

मग सल्ले सुरू झाले. शेजारच्या प्रेमलाताई शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि समोरच्या माणसाचं वाक्य पुरं व्हायच्या आत दुरुस्त करत. त्यांनी सोपा उपाय सांगितला. प्रसंग तेच ठेवायचे, सकीनाच्या जागी एक मित्र घालायचा. हुसेनभाईंनी त्यांच्याच पुढे करून पाहिलं. मित्राने कुलूप दिलं, इथवर ठीक होतं. मग मित्र बंदरावर पदर… म्हणजे रुमाल डोळ्यांना लावून उभा राहिला. मित्राने मोजे रोज धुवायची शपथ घातली. मित्राने पत्रात लिहिलं की तुमच्याशिवाय जेवण जात नाही. प्रेमलाताई गंभीर झाल्या. “हुसेनभाई,” त्या म्हणाल्या, “तुमच्या या मित्राचं काहीतरी निराळंच आहे. राहू द्या.”

लिमयांकडे जाऊन त्यांनी विषय बदलायची परवानगी मागितली. ‘दूरध्वनी खात्यातील दिवस’ असं काहीतरी बोलता येईल, म्हणाले. लिमयांनी छापून आलेल्या पत्रिकांच्या गठ्ठ्यावर हात ठेवला. “मणेरसाहेब, पत्रिका छापल्यावर आपल्याकडे वक्ता बदललेला आहे. विषय कधी बदललेला नाही.” मग जरा विचार करून त्यांनी वाट काढून दिली. विषय सायकल आणि अपघात असाच आहे ना? मग जुने अपघात नको असतील तर नवे करा.

हे ते आपल्या नेहमीच्या स्वरात, म्हणजे चेहऱ्यावरची रेघही न हलवता म्हणाले. विनोद होता की सूचना, कळायला मार्ग नव्हता. हुसेनभाईंनी ती सूचना धरली. माणूस बाहत्तराव्या वर्षी असल्या सूचना धरतो, कारण घरी “वेड लागलंय का?” असं विचारणारं कुणी नसतं.

त्यांचा भाचा रियाज खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या पगारावर होता. त्याची कंपनी वाघोलीपलीकडच्या मूकबधिर मुलांच्या शाळेसाठी सायकल फेरी काढत होती. जितके लोक सायकल चालवतील तितकी मदत कंपनी शाळेला देणार होती. हुसेनभाईंनी नाव द्यायचं म्हटल्यावर रियाजने हनुवटी खाजवली. “मामू, एज लिमिट आहे. लायबिलिटीचा इश्यू होतो.” हुसेनभाईंनी त्याला बगदादची आठवण करून दिली. रियाज म्हणाला, बगदादला एचआर नव्हतं.

शेवटी तंदुरुस्तीचा दाखला आणला तर बघू, इथवर ते आलं. डॉक्टरांनी तपासून ‘चालण्यास सक्षम’ असं लिहून दिलं. कंपनीने तो परत पाठवला. चालणं वेगळं, सायकल वेगळी. हुसेनभाई पुन्हा दवाखान्यात गेले. डॉक्टर बिबवेवाडीतले असल्यामुळे तत्त्वाचे होते. जे पाहिलं नाही ते लिहू कसं, म्हणाले. तेव्हा घरून सायकल आणून हुसेनभाईंनी दवाखान्यापुढच्या गल्लीत फेऱ्या मारून दाखवल्या. डॉक्टर गळ्यात स्टेथोस्कोप घालून पायरीवर उभे होते आणि त्यांच्यामागे सगळे पेशंट. प्रत्येक फेरीला त्यांनी हुसेनभाईंना थांबवून छाती तपासली. तापाने आलेल्या एका बाईंनी आपला नंबर कधी लागणार असं विचारलं, तर दुसऱ्या म्हणाल्या, थांबा हो, आजोबांचं होऊन जाऊ द्या. हे वाक्य हुसेनभाईंना आवडलं नाही.

दाखला मंजूर झाला, पण त्यातून निघालं भलतंच. कंपनीतल्या कुणीतरी त्यांचं नाव इंटरनेटवर शोधलं आणि त्यांना फेरीचं ‘प्रेरणास्थान’ करायचं ठरलं. ही अक्षरं पाठीवर छापलेला केशरी टी-शर्ट घरी आला. प्रेरणास्थानाने झेंडा दाखवायचा आणि मग उघड्या जीपमध्ये उभं राहून हात हलवायचा. हुसेनभाईंच्या मते हे काम पुतळ्याचं होतं, आणि पुतळा निदान माणूस मेल्यावर उभा करतात. बरीच घासाघीस झाली. पहिल्या चौकापर्यंत सायकल, पुढे जीप, असं ठरलं.

रविवारी सकाळी त्यांनी झेंडा दाखवला, सायकलवर टांग टाकली आणि पहिला चौक आला तसा तो न बघता पार केला. मागून जीपचा भोंगा वाजत राहिला. काळी जुनी सायकल कुरकुरत होती, गुडघेही तिला साथ देत होते, पण वारा तोंडावर येत होता आणि एप्रिलपासून पहिल्यांदा त्यांना भूक लागली. नगर रस्त्यावर पोरं-पोरी त्यांना मागे टाकून जात होत्या. जाताना “ग्रेट अंकल” म्हणत होत्या. वाघोली आली तेव्हा जीपही गर्दीत कुठेतरी अडकली होती.

एका टपरीवर ते उतरले, चहा प्याले आणि बाकावर पाठ टेकून त्यांनी डोळे मिटले. ही त्यांची बसऱ्यापासूनची पद्धत. दमायच्या आधी थोडी डुलकी काढायची, मग दिवसभर घोर नाही. पण पद्धत ज्याला ठाऊक नाही त्याला काय दिसणार? बाकावर एक म्हातारा, डोळे मिटलेला, तोंड किंचित उघडं. आणि फेरीबरोबर आलेल्या रुग्णवाहिकेला सकाळपासून एकही गिऱ्हाईक मिळालेलं नव्हतं.

जाग आली तेव्हा ते स्ट्रेचरवर होते. त्यांनी सांगितलं, मी झोपलो होतो. एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, हो काका, आता शांत पडून राहा. त्यांनी आवाज चढवला, तशी तिने दुसऱ्याला सांगितलं की पेशंट चिडचिड करतोय. आज वार कोणता, असं विचारलं गेलं. हुसेनभाई म्हणाले, तुमच्याकडे कॅलेंडर नाही का? हे उत्तर भ्रम झाल्याचं लक्षण म्हणून मोजलं गेलं. त्यांना पट्ट्यांनी बांधून ग्लुकोजची बाटली लावली. गाडी निघाली आणि वाघोलीच्या वाहतुकीत जागच्या जागी उभी राहिली. मागे पडलेले उरलेसुरले सायकलवाले एकेक करून शेजारून पुढे गेले. काच खाली होती, त्यामुळे प्रत्येकाने आत डोकावून शुभेच्छा दिल्या.

शाळा वाटेतच होती, म्हणून मागून येऊन पोचलेल्या रियाजने विनवून गाडी आधी तिथे थांबवली. अशा रीतीने इस्तंबूलपर्यंत सायकलने गेलेले हुसेनभाई वाघोलीच्या पुढे आडवे पोचले, पाय पुढे करून, सगळ्यांत शेवटी. दार उघडलं तर समोर मुलांची रांग. सगळ्यांनी दोन्ही हात वर करून हलवायला सुरुवात केली. हुसेनभाईंचं धाबं दणाणलं. ज्या अर्थी इतकी मुलं निरोप देतायत त्या अर्थी रुग्णवाहिकेतले लोक आपल्यापासून काहीतरी लपवतायत. मग शिक्षकांनी सांगितलं की ज्यांना ऐकू येत नाही त्यांची टाळी अशी असते.

ते हसायला लागले. पट्ट्यांनी बांधलेल्या अवस्थेत पोट धरता येईना, म्हणून आणखी हसले. बाटलीची नळी हलली. मुलांना वाटलं यांना आवडलं, म्हणून मुलांनी आणखी हात हलवले.

रुग्णवाहिकेतून सुटका झाल्यावर रियाजच्या गाडीतून परत येताना ते सगळ्या वाटेत नवं भाषण जुळवत होते. डॉक्टर पायरीवर कुठे आणायचे, वाराचा प्रश्न कुठे, हातांचा भाग अगदी शेवटी. बसऱ्यानंतर इतका चांगला ऐवज हाती लागला नव्हता. आणि यात सकीना कुठेही नव्हती. काम फत्ते झालं होतं. रियाजला खालूनच वाटेला लावून ते जिना भराभर चढले, दार उघडलं आणि आत पाऊल टाकता टाकता म्हणाले, “ऐक.”

नंतर बराच वेळ ते बुटांसकट खुर्चीत बसून होते.

कुलूप आणि चटणी सोडली तर आजवर एकाही गोष्टीत सकीना आधी नव्हती. गोष्ट घडायची वाटेत कुठेतरी आणि ते ती घरी आणून सकीनाला सांगायचे. सकीना भाजी निवडता निवडता “हं” म्हणायची. ती वर बघायची तिथे गोष्ट चांगली आहे असं समजायचं, आणि “काहीतरीच सांगू नका” म्हणाली की सभागृह तिथेच कोसळणार हे नक्की. त्यांनी संध्याकाळी जरीनाला फोनवर सगळं सांगितलं. तिने मध्ये न बोलता ऐकलं आणि विचारलं, “ईसीजी काढला का?” तिची काही चूक नव्हती. तिच्याकडे आता एकच पालक उरला होता.

वर्धापनदिनाच्या आधी लिमये कार्यक्रमाचा क्रम दाखवायला आले. दीपप्रज्वलन, श्रद्धांजली, सत्कार, व्याख्यान, आभार, अल्पोपाहार. वर्षभरात दिवंगत झालेल्या सभासदांची नावं वाचून दोन मिनिटं स्तब्धता पाळायची, ही संघाची प्रथा होती. सकीना सभासद होती. हुसेनभाईंनी हळूच विचारलं, श्रद्धांजली शेवटी घेता येईल का?

“अल्पोपाहारानंतर लोक थांबत नाहीत,” लिमये म्हणाले.

“मग तिचं नाव नका वाचू.”

लिमयांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “वर्गणी भरलेली होती हो त्यांची,” ते म्हणाले. त्यांच्या परीने तो मायेचा शब्द होता.

सभागृह भरलं होतं. प्रेमलाताई पुढच्या रांगेत होत्या, जरीना रजा टाकून आली होती. नावं वाचली गेली. सकीना हुसेन मणेर हे नाव शेवटी आलं. सगळे उभे राहिले. स्तब्धतेच्या मध्यावर कुणाच्या तरी खिशात फोनवर आरती वाजली आणि ती बंद करता न आल्यामुळे पुरी ऐकावी लागली. मग सगळे बसले, आणि लिमये माइकपाशी जाऊन म्हणाले, “यानंतर श्री. मणेर आपल्याला हसवतील.”

हुसेनभाईंनी सुरुवात केली. लोक त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत होते ती त्यांनी लगेच ओळखली, चाळिसाव्यापर्यंत तीच बघितली होती. डॉक्टर पायरीवर उभे राहिले तरी कुणी हललं नाही. ‘आजोबांचं होऊन जाऊ द्या’ला मागे कुणीतरी खोकल्यासारखं हसलं आणि ओशाळलं. पण माणूस मुरलेला होता. त्यांनी प्रेरणास्थान आणलं, पुतळा आणला, वाराचा प्रश्न आणला. सभागृह हळूहळू सैल झालं. रुग्णवाहिका गर्दीत उभी राहिली तेव्हा लोक उघड हसत होते, आणि शाळेच्या दारात शंभर हात वर झाले तेव्हा प्रेमलाताईंनी डोळे पुसले, ते हसूनच. लिमयांच्या ओठाचा एक कोपरासुद्धा हलला. इथे थांबायचं होतं. भाषण इथेच संपत होतं. सकीनाशिवाय, पुरेपूर, टाळ्यांसकट.

पण हशाला एक वेग असतो, आणि इतकी वर्षं तो वेग त्यांना एकाच ठिकाणी नेऊन सोडत आला होता.

“घरी आलो,” ते म्हणाले, “दार उघडलं, आणि सकीनाला म्हटलं, ऐक.”

सभागृह पुढे झुकलं. ओठ आधीच हसायला लागले होते. आता तिचं वाक्य येणार हे सगळ्यांना पाठ होतं. आणि वाक्य त्यांच्या जिभेवर आलंही. प्रेरणास्थानाला म्हणावं, बूट बाहेर काढा. अगदी तिचं होतं, तिच्याच आवाजात होतं, आणि तिने ते कधी म्हटलेलं नव्हतं. हुसेनभाईंनी ते गिळलं.

“ती काहीच म्हणाली नाही,” ते म्हणाले.

सभागृह कोसळलं. सकीना आणि गप्प! असं इतक्या वर्षांत कधी घडलं नव्हतं. बसऱ्याच्या कुलपालाही एवढा हशा कधी मिळाला नव्हता. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते.

मग पुढच्या रांगेत प्रेमलाताई हसता हसता थांबल्या. त्यांच्या शेजारच्या बाई त्यांच्याकडे बघून थांबल्या. रांगेमागून रांग तो हशा विझत गेला, आणि अगदी मागे ज्यांना कमी ऐकू येई ते दोघे-तिघे एकटेच हसत राहिले, मग तेही थांबले.

हशा पुरा होऊ द्यावा, मध्ये बोलू नये, ही वक्त्याची पहिली शिस्त. हुसेनभाई टेबलाला धरून वाट बघत उभे होते. सगळं शांत झालं तेव्हा त्यांनी पेल्यातलं पाणी घोटभर घेतलं.

“चटणी शेंगदाण्याची होती,” एवढं कबूल करून टाकावं असं त्यांना वाटलं. ते आणखी काही बोलतील म्हणून माइकवाल्याने आवाज वाढवला. पण ते काही बोलले नाहीत. लिमये आभार मानायला उठले, माइकपर्यंत आले, आणि त्यांनी नुसता हुसेनभाईंच्या दंडाला हात लावला. मग दोघे सावकाश पायऱ्या उतरून खाली गेले, जिथे चहाचे कप मांडून ठेवलेले होते आणि कुणीही पहिला कप उचलत नव्हतं.